गळा, दांडा आणि अंगठ्याची जागा

बेंगळुरूच्या शिवाजीनगरला बसमधून उतरलं की रसेल मार्केट मागे टाकून मी कमर्शियल स्ट्रीटच्या बोळांत शिरते. लेस, बटणं, लोकर विकणाऱ्या दुकानात क्रोशाच्या सुया मागितल्या की मूठभर सुया काउंटरवर ओतल्या जातात. त्यांतली एक निवडायला अर्धा तास जातो, आणि तो जावाच.

पहिली उचलते पोलादी, 1.25 मिलिमीटरची. तोरणं, ताटावरचे रुमाल, सुती दोऱ्याचं सगळं नाजूक काम हिचंच. एवढ्या बारीक मापाचं लाकूड टाका ओढताच मोडेल. आंध्रातल्या नरसापूरच्या ज्या लेसला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तीही अशाच बारीक सुईवर होते. या सुईचा गळा बघा, म्हणजे टोकाच्या नाकाखालची खाच. ती उथळ असली की दोरा निसटतो, कडा धारदार असल्या की पीळ फुटतो. चांगलं नाक किंचित गोल असतं. मुक्या खांबांच्या घट्ट विणीतही ते अलगद शिरतं आणि दोरा अखंड घेऊन परततं. तांदळाच्या कणीएवढ्या जागेत केवढं हे घडवणं!

गळ्यामागे दांडा. टाक्याचं माप ठरतं ते इथे. लहानपणी माझा रुमाल त्याच नमुन्याच्या आजीच्या रुमालापेक्षा दोन बोटं लहान भरला. ती काही बोलली नाही. माझ्या सुईवरचे टाके तिने गळ्यातून दांड्यावर सरकवून दिले. तेव्हापासून माझे खांब मोकळे उभे राहतात.

आता अंगठ्याची चपटी जागा. बहुतेकांना ती माप कोरायची पट्टी वाटते. पण तिच्यामुळेच सुई बोटांत फिरत नाही आणि नाक कुठे वळलंय ते न बघता कळतं. ती नाकाच्या फार जवळ नसावी, कारण दोन वेढ्यांच्या लांब खांबाला सुईवर चार टाके मावायला हवेत. हे अंतर जिने नेमकं साधलंय, ती सुई मी सहसा खाली ठेवत नाही.

अ‍ॅल्युमिनियम हलकं आणि लोकरीला छान, पण घामेजल्या बोटांवर करडा डाग येतो, म्हणून पांढऱ्या दोऱ्याला मी ती सुई लावत नाही. प्लास्टिक अ‍ॅक्रिलिक लोकरीवर कुरकुरतं. फक्त जाड मापांत त्याचा हलकेपणा उपयोगी. बांबू मात्र हाताला ऊबदार, आणि निसरड्या धाग्याला हळूच धरून ठेवणारा. त्यावर वेग कमी होतो, टाके मात्र एकसारखे येतात.

मुठीचा विचार वयाबरोबर वाढतो. हिरोशिमाच्या ट्युलिप कंपनीच्या ‘एटिमो’ सुयांना मऊ मूठ असते. पकड सैल ठेवता येते, अंगठ्याचं मूळ दुखत नाही. सुरीसारखी सुई धरणाऱ्यांनी तिची लांबी तळहातात जोखून पाहावी. आखूड सुईचं शेपूट तिथेच रुततं. लेखणीसारखी धरणाऱ्यांना तो त्रास नाही.

शेवटी पर्समधला दोरा काढून काउंटरवरच वीस साखळ्या घालते. विसावी पहिलीइतकीच सैल आली की पैसे देते.