‘वार्धक्याचे जनुक’ : एका षष्ठीची चिकित्सा

‘सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स’ या सुमारे १ मिलिमीटर लांबीच्या कृमीतील ‘डॅफ-२’ जनुकात विकृती झाल्यास त्याचे आयुर्मान दुपटीहून अधिक होते, असे सिंथिया केनियन व सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखविले. अशा जनुकांस ‘वार्धक्याची जनुके’ म्हणण्यात येते. परंतु येथील षष्ठी फसवी आहे. हे जनुक इन्शुलिन-ग्राहकासारखे प्रथिन घडविते, हे १९९७ साली स्पष्ट झाले. वाढ व चयापचय यांच्या नियमनाशी त्याचा संबंध आहे. त्याचे कार्य मंदावल्याने आयुष्य वाढते, एवढ्यावरून जरा आणणे हे त्याचे प्रयोजन ठरत नाही. शिवाय आयुर्मानाच्या प्रयोगात मोजला जातो तो मृत्यूचा दिवस. वार्धक्य हे त्यावरून केलेले अनुमान होय. ‘आयुर्मानावर परिणाम करणारे जनुक’ ही संज्ञा लांबट खरी, परंतु पुराव्याच्या पलीकडे जात नाही.