‘प्रकाशउत्प्रेरक’ : एका सामासिक संज्ञेची चिकित्सा

द्रव-वर्णलेखनात स्तंभ आणि शोधक यांच्या दरम्यान प्रकाशउत्प्रेरक विक्रियक बसविण्याची जी पद्धती आहे, तिचे वर्णन मराठीत करू जाता पहिली अडचण उपकरणाची नसून समासाची येते. ‘प्रकाशउत्प्रेरक’ या पदाचा विग्रह कसा करावयाचा? कर्मधारय मानल्यास प्रकाश हाच उत्प्रेरक ठरतो. षष्ठी तत्पुरुष मानल्यास प्रकाशालाच चालना देणारा, असा भलता अर्थ निघतो. अभिप्रेत अर्थ मध्यमपदलोपी समासाने मिळतो : प्रकाशाने उत्तेजित होणारा उत्प्रेरक. परंतु लोप पावलेले पद ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच तो मिळणार, आणि संज्ञेची गरज तर न जाणणाऱ्याला असते.

वस्तुतः प्रकाश हा उत्प्रेरक नव्हेच. उत्प्रेरक विक्रियेअंती शिल्लक उरतो. शोषला गेलेला प्रकाश खर्ची पडतो. येथे उत्प्रेरकाचे काम करतो तो टिटॅनियम डायऑक्साइड. त्याच्या अनाटेस रूपातील ऊर्जाफट सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्यामुळे साधारणतः ३८८ नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचा प्रकाशच त्याला जागे करू शकतो. मग एका बाजूस मोकळा इलेक्ट्रॉन आणि दुसऱ्या बाजूस त्याची रिकामी जागा, अशी जोडी निर्माण होते. सेलेनियमच्या विश्लेषणात हिचाच उपयोग केला जातो. सेलेनेट हे नेहमीच्या बोरोहायड्राइडला दाद देत नाही. परंतु द्रवात फॉर्मिक आम्ल असल्यास ते रिकाम्या जागा भरून काढते, इलेक्ट्रॉन क्षपणासाठी मोकळे राहतात आणि सेलेनियम वायुरूप हायड्राइड होऊन शोधकाकडे जाते.

याच्या शेजारी भुईमुगातील अफ्लाटॉक्सिनांची तपासणी ठेवून पाहावी. तेथेही स्तंभानंतर दिव्याभोवती नळीचे वेटोळे असते आणि २५४ नॅनोमीटरच्या प्रकाशात बी-१ व जी-१ ही द्रव्ये अधिक प्रतिदीप्त होतात. पण उत्प्रेरक मुळीच नसतो. दोन्ही मांडण्या दिसावयास जवळजवळ सारख्या. ज्या विद्यार्थ्याने कर्मधारय विग्रह मनात धरला, त्याला त्यांतील भेद दिसणार नाही. दिवा लावला की काम झाले, असे समजून तो दिव्यासह पण उत्प्रेरकाविना, आणि उत्प्रेरकासह पण अंधारात, अशा दोन्ही पडताळण्या गाळील. मग हाती आलेला संकेत कोणाच्या कर्तृत्वाचा, हे त्याला सांगता येणार नाही.

‘विक्रियक’ हा शब्द निर्दोष आहे, मात्र सामान्य वाचकाच्या मनात अणुभट्टीमुळे ‘भट्टी’च उभी राहते. येथे उष्णता हा शत्रू आहे : दिव्याने नळी तापली तर द्रवात बुडबुडे धरतात आणि शोधकाची आधाररेषा डळमळते. शिवाय नळी लांब केली तर विक्रिया अधिक होते खरी, पण स्तंभाने महत्प्रयासाने विलग केलेले घटक पुन्हा परस्परांत मिसळू लागतात.

‘वर्णलेखन’ या संज्ञेवरही आक्षेप घेता येईल. त्स्वेत याने १९०६ साली वनस्पतींतील रंगद्रव्यांवरून मूळ नाव दिले. आज बहुतेक घटक रंगहीन असतात, आणि व्याकरणाच्या अभ्यासकाला तर ‘वर्ण’ म्हटल्यावर अक्षरेच आठवतात. तथापि हा शब्द रुळला आहे व प्रयोगशाळेत कोणाची वाट चुकवीत नाही. तो तसाच राहू द्यावा.

‘प्रकाशउत्प्रेरक’ वाट चुकवितो. इंग्रजी संज्ञेतही हीच संदिग्धता आहे हे खरे. पण विग्रहाचे साधन हाताशी असताना ती जशीच्या तशी उचलण्याचे कारण नव्हते. प्रथमोल्लेखी तरी ‘प्रकाशोत्तेजित उत्प्रेरक’ असे पूर्ण लिहावे, आणि अफ्लाटॉक्सिनाच्या मांडणीला केवळ ‘प्रकाशरासायनिक’ म्हणावे.