उतारूचा एक दिवस : ‘जेजुरी’तील प्रवास आणि पाहणे

अनोळखी गावी सकाळी उतरावे, दिवसभर हिंडावे आणि संध्याकाळच्या गाडीने परतावे, या अनुभवाला प्रवासलेखनाच्या चर्चेत सहसा मान मिळत नाही. दीर्घ मुक्काम, स्थानिकांशी जडलेला स्नेह, त्या भूमीच्या इतिहासाचा व्यासंग यांना ज्ञानाची साधने मानले जाते. एका दिवसाची भेट मात्र उथळच असणार असे गृहीत धरले जाते. अरुण कोलटकर यांच्या ‘जेजुरी’ या इंग्रजी कवितामालेविषयीच्या वादावरही या गृहीतकाची छाया पडलेली आहे. १९७६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेल्या आणि १९७७ साली राष्ट्रकुल काव्यपारितोषिक मिळालेल्या या कवितामालेवर भालचंद्र नेमाडे यांनी १९८५ साली, भारतीयांच्या इंग्रजी लेखनाविरुद्धच्या आपल्या निबंधात, एक नेमका आक्षेप घेतला. मुंबईचा सुटीतला पर्यटक यावा आणि जावा तसा कवी जेजुरीला येतो आणि जातो, असा त्याचा आशय होता. या आक्षेपामागे देशीयतेची सुसंगत भूमिका आहे, त्यामुळे तो झटकून टाकता येत नाही. किंबहुना, वर्णन म्हणून तो अचूकच आहे. प्रश्न आहे तो त्यावरून काढलेल्या निष्कर्षाचा. ‘येणे आणि जाणे’ हे या कवितामालेचे वैगुण्य आहे, की तिचे रचनातत्त्व?

कवितामालेची मांडणी पाहिली तर उत्तराची दिशा स्पष्ट होते. पहिली कविता एस.टी. बसची आहे आणि शेवटची रेल्वे स्टेशनची. बसमध्ये पहाट उजाडते, स्टेशनावर सूर्य मावळतो. म्हणजे देवळे, डोंगर, दगड आणि दंतकथा यांचे सारे दर्शन दोन सार्वजनिक वाहनांच्या मधल्या दिवसात घडते. या दिवसाचा आरंभ आणि शेवट निवेदकाच्या हाती नाही. ते वाहतुकीच्या यंत्रणेने ठरवलेले आहेत. वाहन येथे केवळ गावापर्यंत पोहोचवणारे साधन राहत नाही, ते संहितेची चौकट होते.

या ठिकाणी मराठीतील तीन शब्दांमधला भेद उपयोगी पडतो : यात्रेकरू, पर्यटक आणि उतारू. यात्रेकरूचे स्थळाशी असलेले नाते तो निघण्यापूर्वीच ठरलेले असते. नवस, कुळाचार, परंपरा यांनी त्याचा मार्ग अर्थपूर्ण केलेला असतो. आषाढी वारीत ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर जेजुरीवरून जाणाऱ्या वारकऱ्याला रस्ताच तीर्थ असतो. पर्यटक पैशाच्या बळावर आपल्या वेळेवर आणि नजरेवर ताबा मिळवतो; त्याचे वाहन त्याच्यासाठी थांबते. उतारूला मात्र वाहनासाठी थांबावे लागते. त्याचा हक्क तिकिटापुरता. शेजारी कोण बसणार, खिडकी मिळणार की नाही, गाडी केव्हा सुटणार, यांपैकी काहीही त्याच्या इच्छेवर अवलंबून नसते. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली. त्यानंतरच्या दशकांत महाराष्ट्रातील असंख्य माणसांनी परगाव पाहिले ते उतारूच्याच नात्याने. एकाच बाकावर खंडोबाचा भक्त, बाजाराला निघालेला शेतकरी आणि श्रद्धेविषयी साशंक असलेला शहरवासी शेजारी-शेजारी बसू शकतात, हे त्या वाहनाचे सामाजिक वैशिष्ट्य आहे. ‘जेजुरी’चा निवेदक यात्रेकरू नाही, हे उघड आहे. तो पर्यटक आहे असे नेमाड्यांचे म्हणणे आहे. कवितामालेची रचना मात्र त्याला उतारू ठरवते.

पहिल्या कवितेत खिडक्यांवरची ताडपत्री वाटभर खाली बांधलेली आहे. बाहेरचा प्रदेश दिसत नाही. दिसतो तो समोरच्या म्हाताऱ्याच्या चष्म्याच्या दोन काचांत दुभंगलेला स्वतःचाच चेहरा. समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल याने १९०८ साली नोंदवले होते की, बस, रेल्वे आणि ट्राम येण्यापूर्वी परस्परांशी न बोलता दीर्घकाळ एकमेकांकडे पाहत बसण्याची वेळ माणसांवर आलीच नव्हती. कोलटकरांची कविता या स्थितीच्या पुढे एक पाऊल जाते. समोरच्याकडे पाहणाऱ्याला तेथेही आपणच दिसतो. मिशेल द सर्तो याने १९८० च्या आपल्या ग्रंथात रेल्वेप्रवासाचे जे विवेचन केले आहे, त्यात डब्यातला प्रवासी आणि बाहेरचे जग यांना खिडकीची काच विलग करते आणि त्या विलगतेतूनच पाहण्याचा निवांतपणा लाभतो. ‘जेजुरी’तील बसमध्ये हा निवांतपणा नाही. पाहण्यासाठी काच आहे ती शेजाऱ्याच्या नाकावर, आणि तिच्यापलीकडे, भुवयांच्या मधोमध, श्रद्धेची खूण आहे. प्रवास संपताना निवेदक बसमधून उतरतो, पण त्या म्हाताऱ्याच्या डोक्यात प्रवेश करीत नाही, हे कविता स्पष्टपणे सांगते. आपल्याला काय कळणार नाही याची ही कबुली पहिल्याच कवितेत दिलेली आहे. बाहेरून येणाऱ्याने आतल्याचे मन जाणल्याचा दावा केला असता तर नेमाड्यांचा आक्षेप निर्णायक ठरला असता. तो दावाच येथे आरंभी सोडून दिलेला आहे.

लगेच पुढे दृष्टिकोन उलटतो. बसची वाट पाहणाऱ्या पुजाऱ्याच्या नजरेला गाडी मांजरीसारखी दिसते आणि तिच्या दातांत धरलेला यात्रेकरू त्याला आयता घास वाटतो. पाहायला आलेला माणूस पाहिला जाऊ लागतो. हे सूत्र म्हातारीच्या कवितेत अधिक तीव्र होते. पन्नास पैशांसाठी बाही धरणाऱ्या त्या बाईला निवेदक सोडवू पाहतो, तिने दाखवू केलेले ठिकाण त्याने आधीच पाहिलेले आहे. पण तिच्या एका साध्या प्रश्नानंतर तिच्या डोळ्यांतून पलीकडचे आकाश दिसू लागते, डोंगर आणि देवळे तडकतात, आणि पाहुणाच तिच्या हातातली चिल्लर होऊन जातो. स्थळे ‘पाहून झाली’ असे मानणाऱ्या वृत्तीचा एवढा निष्ठुर पराभव प्रवासलेखनात क्वचितच आढळेल. दुसरीकडे, उघडे दार पाहून देऊळ समजून आत डोकावणाऱ्या मनोहरला वासरू दिसते. ते देऊळ नसून गोठा असतो. हा विनोद श्रद्धेच्या खर्चाने केलेला नाही. चुकतो तो पाहुणा, आणि ती चूकही तेथील वास्तवाचे ज्ञान देते : जेजुरीत देऊळ आणि गोठा यांच्या भिंती एकमेकींना लागून आहेत, आणि नवख्या नजरेला त्यांतला फरक सांगता येत नाही.

कवितामालेचा खरा कस लागतो तो अखेरच्या भागात. दिवसभर ज्याने देवांकडे संशयाने पाहिले तो आता फलाटावर अडकला आहे. गाड्यांच्या वेळा दाखवणारा फलक एखाद्या जुन्या संतासारखा उभा आहे, चहाच्या टपरीवरच्या पोऱ्याने जणू मौनव्रत घेतले आहे, स्टेशनमास्तरचा धर्मग्रंथ म्हणजे वेळापत्रक. पुढची गाडी केव्हा येईल एवढे कोणी सांगावे म्हणून निवेदक बोकड, नारळ, दूध, सोने असे एकामागून एक नवस बोलू लागतो. हा भाग आधुनिक यंत्रणेचे विडंबन म्हणून वाचला जातो, आणि ते वाचन चूक नाही. पण ते अपुरे आहे. उपरोधाचे टोक येथे यंत्रणेपेक्षा निवेदकाकडेच अधिक वळलेले आहे. परतीसाठी जो दुसऱ्यावर अवलंबून असतो त्याच्या तोंडी आपोआप नवसाची भाषा येते. गडावर त्याला न कळलेली गोष्ट त्याला फलाटावर भोगावी लागते. स्वतःच्या गाडीने आलेल्या पर्यटकाला हे ज्ञान होण्याची शक्यताच नव्हती. त्यासाठी ताटकळणे आवश्यक होते.

या वाचनाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. वाघ्या आणि मुरळी यांच्या गीतांत कवितामाला उतारूची भूमिका सोडते आणि थेट त्यांचा आवाज धारण करते. एका दिवसाच्या पाहण्यातून हा आवाज मिळणे शक्य नाही. तो येतो मराठीच्या मौखिक परंपरेतून, जी या द्वैभाषिक कवीला बसमध्ये चढण्यापूर्वीच अवगत होती. नेमाड्यांच्या आक्षेपाला खरे बळ असेल तर ते येथे आहे : इंग्रजी वाचकापर्यंत या परंपरेचे ऋण पोहोचत नाही. मात्र हा प्रश्न भाषांतराचा आणि वाचकवर्गाचा आहे; मुक्कामाच्या लांबीचा नाही. या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे वाद अधिक धूसर झाला.

उतारूचे पाहणे हे केवळ तीर्थक्षेत्रापुरते मर्यादित नाही, हे फ्रांस्वा मास्पेरो याच्या १९९० सालच्या पुस्तकावरून दिसते. पॅरिसच्या उपनगरी रेल्वेच्या एका मार्गावर, छायाचित्रकार आनाइक फ्रांत्झ हिच्यासह, तो १९८९ साली महिनाभर स्टेशनामागून स्टेशन उतरत गेला. वर्षानुवर्षे ज्या वस्त्यांवरून गाडी नुसती पुढे जात होती, त्या आपल्याच शहराला अनोळखी आहेत, हे त्याला उतरल्यावर उमगले. कोलटकरांचे ‘काळा घोडा पोएम्स’ (२००४) हे पुस्तक याच्या दुसऱ्या टोकाला आहे. स्वतःच्या मुंबईत कवी एका ठिकाणी बसून चौकाचे दैनंदिन जीवन वर्षानुवर्षे न्याहाळतो. परिचित शहरात बसणे आणि अपरिचित गावी उतरणे या पाहण्याच्या दोन वेगळ्या रीती आहेत. एकीचे निकष लावून दुसरीला उथळ ठरवता येणार नाही.

देशीयतेचा विचार ‘येथला कोण’ हा प्रश्न विचारतो आणि तो आवश्यकच आहे. परंतु ज्या समाजातील बहुसंख्य माणसे परस्परांच्या गावी घटकाभरासाठी, तिकीट काढून, दुसऱ्याच्या वेळापत्रकाने जातात, त्या समाजाच्या वाङ्मयाला ‘उतरलेला कोण आणि त्याने काय पाहिले’ हाही प्रश्न तेवढाच निकडीचा आहे. पाहुण्याचे अज्ञान हा दोष ठरतो तो त्याने ते लपवले तर. ‘जेजुरी’ते लपवीत नाही, आपल्या अज्ञानाच्या कडा ती बसच्या ताडपत्रीपासून फलाटाच्या टोकापर्यंत आखून दाखवते, आणि तिचे मूल्यमापन या आखणीच्या काटेकोरपणावरूनच व्हायला हवे.