बैलगाडीवरचा उपग्रह : एका छायाचित्राचे वाचन

भारताचा पहिला प्रायोगिक भूस्थिर संचार उपग्रह ‘ॲपल’ बैलगाडीवर ठेवलेला आहे, हे छायाचित्र बहुतेकांच्या पाहण्यातले. त्याची दोन वाचने रूढ आहेत. अभिमानी वाचन म्हणते, दारिद्र्यातूनही आम्ही आकाशाला हात घातला. उपहास करणारे म्हणते, पोटाला नाही आणि निघाले अंतराळात. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने 2014 साली मंगळयानाच्या यशावर गायवाल्या शेतकऱ्याचे व्यंगचित्र छापले आणि नंतर माफी मागितली, ते या दुसऱ्या वाचनाचेच भावंड.

दोन्ही वाचनांचे गृहीतक मात्र एकच : वाहन परवडले नाही, म्हणून बैल जुंपले.

प्रत्यक्षात ती चाचणी होती. उपग्रहाच्या ॲन्टेनाची परीक्षा मोकळ्या जागेत घ्यायची होती. खाली लोखंडी ट्रक असता तर धातूवरून रेडिओलहरी परावर्तित होऊन मोजमाप बिघडले असते. लाकडी गाडी हे त्यावरचे नेमके आणि स्वस्त उत्तर. म्हणजे चित्रातली बैलगाडी हे प्रयोगाचे उपकरण आहे. आपण तिला प्रतीक केले आणि त्यामागचा विचार पुसला. अभिमानानेही पुसला, हे मला अधिक खटकते.

उसनवारी होती, पण ती रॉकेटची. ‘ॲपल’ हे नावच ‘एरियान पॅसेंजर पेलोड एक्स्पेरिमेंट’चे लघुरूप. युरोपीय संस्थेच्या एरियानच्या चाचणी उड्डाणात मिळालेल्या फुकट जागेवर, 19 जून 1981 रोजी, फ्रेंच गयानातील कूरू येथून हा 670 किलोचा उतारू वर गेला. (बैलगाडीवरही तो उतारूच!) वर गेल्यावर एक सौरपंख उघडलाच नाही. तरीही अपुऱ्या विजेवर तो दोन वर्षांहून अधिक काळ चालवला गेला. खरे नाट्य इथे आहे. पण त्याचे छायाचित्र काढायला तिथे कोण असणार?

छायाचित्राने झाकलेला वाहनाचा प्रश्न नव्या पिढीच्या उपग्रहांपर्यंत आला आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये सुमारे 4,700 किलोचा ‘जीसॅट-एन2’ अमेरिकेतून, ‘स्पेसएक्स’च्या फाल्कन-9 वरून सोडावा लागला, एवढे वजन आपल्या एलव्हीएम-3 च्या तेव्हाच्या क्षमतेबाहेरचे होते. या वेळी जागा फुकट नव्हती, पैसे मोजून घेतलेली होती. त्या उड्डाणाचीही छायाचित्रे निघाली. भिंतीवर लावली जाते ती मात्र अजून बैलगाडीच.