इंग्रजी कृदन्तांचे अध्यापन आणि हरवलेला कर्ता : एक चिकित्सा

प्रस्तावना :
धाराशिव जिल्ह्यातील परंडा तालुक्यात सोनारी हे गाव काळभैरवनाथाच्या देवस्थानामुळे प्रसिद्ध आहे. देवळाच्या परिसरातील माकडांचा वावर भाविकांना चांगलाच परिचयाचा आहे. ‘देवळात जाताना माकडाने हातातला नारळ पळवला’ हे वाक्य तेथे कोणीही सहज उच्चारील आणि ऐकणाऱ्यास त्यात काहीही खटकणार नाही. हेच वाक्य मराठी माध्यमाचा विद्यार्थी इंग्रजीत लिहितो तेव्हा मात्र ते बहुधा असे होते : ‘गोइंग टु द टेम्पल, अ मंकी स्नॅच्ड माय कोकोनट.’ आता देवदर्शनास निघालेले माकड ठरते आणि भाविक वाक्यातून नाहीसा होतो. हा दोष विद्यार्थ्याच्या अज्ञानाचा की अध्यापनाच्या मांडणीचा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रचलित मांडणी आणि तिची मर्यादा :
शालेय व्याकरणात इंग्रजी पार्टिसिपलचा परिचय प्रामुख्याने रूपावरून करून दिला जातो. ‘इंग’ प्रत्ययाचे ते वर्तमानकालवाचक, ‘एड’ किंवा ‘एन’ प्रत्ययाचे ते भूतकालवाचक, आणि ‘हॅविंग’ने सुरू होणारे ते पूर्ण कृदन्त, अशी ही विभागणी आहे. पाठांतरास ती सोयीची असली तरी तिच्यात दोन उणिवा आहेत.

पहिली उणीव नावांची आहे. ‘द विंडो विल बी ब्रोकन टुमारो’ या वाक्यात भूतकालवाचक म्हटलेले रूप भविष्यकाळात वावरते. वस्तुतः ते काळ दाखवीत नाही; क्रियेची पूर्णता किंवा कर्मावर झालेला तिचा परिणाम दाखविते. मराठी विद्यार्थ्यास हे नवे नाही. ‘उद्या सकाळी दार उघडलेले असेल’ असे तो रोज बोलतो. ‘लेला’ या आख्यातरहित रूपाकडे त्याचे लक्ष वेधले असते, तर काळाचा हा भ्रम उद्भवला नसता.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. कृदन्त म्हणजे क्रिया. आणि क्रियेस कर्ता हवा. इंग्रजीत वाक्यारंभी येणाऱ्या कृदन्त-पदबंधाचा कर्ता वेगळा सांगितलेला नसेल, तर मुख्य वाक्याचा कर्ता तोच त्याचा कर्ता मानला जातो. प्रत्ययांच्या तक्त्यात हा नियम दिसत नाही.

मराठीचा वेगळा नियम :
संस्कृतात ‘क्त्वा’ प्रत्ययासाठी दोन्ही क्रियांचा कर्ता समान असावा, अशी अट पाणिनीने घातली आहे. मराठीतील ‘ऊन’ सामान्यतः याच वळणाने जातो : ‘भाविकांनी रांगेत उभे राहून दर्शन घेतले.’ तथापि ‘पाऊस पडून रस्ते निसरडे झाले’ येथे पडणारा पाऊस आणि निसरडे होणारे रस्ते भिन्न आहेत, तरीही वाक्य निर्दोष आहे. ‘ताना’ तर याहून मोकळा आहे. त्याचा कर्ता वाक्यात उघड नसला तरी संदर्भावरून तो समजून घेण्याची मुभा मराठी देते. सोनारीच्या वाक्यातील ‘जाणारा’ कोण, हे म्हणूनच विचारावे लागत नाही.

याचा अर्थ विद्यार्थी नियमहीन लिहीत नाही. तो मराठीचा नियम इंग्रजीत पाळतो. दोष दाखविताना ही गोष्ट लक्षात घेतली नाही, तर लाल शाईची रेघ उमटते पण समज वाढत नाही.

दोष किती गंभीर?
शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये मृत राजाचे भूत, आपण बागेत निजलो असता सर्पाने दंश केला अशी हूल उठविली गेल्याचे सांगते. तेथेही कृदन्त मुख्य कर्त्यापासून सुटलेले आहे. ‘कन्सिडरिंग’, ‘रिगार्डिंग’ यांसारखी कृदन्ते तर आता शब्दयोगी अव्ययांसारखी वापरली जातात. म्हणून प्रत्येक सुटे कृदन्त अशुद्ध मानणे योग्य नव्हे.

परंतु जेथे जबाबदारी निश्चित करावयाची असते तेथे हा प्रश्न केवळ शैलीचा राहत नाही. ‘रस्ता ओलांडताना मोटारीने धडक दिली’ या जबाबाचे ‘क्रॉसिंग द रोड, द कार हिट मी’ असे भाषांतर झाले, तर रस्ता ओलांडणारी मोटार ठरते. तक्रारअर्ज, वैद्यकीय अहवाल, न्यायालयीन कागदपत्रे यांत असे वाक्य कर्त्यासह सत्यही झाकून टाकते.

उपाय :
द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या इंग्रजी शिकल्या. या पद्धतीवर यांत्रिकतेचा आक्षेप घेता येतो; मात्र दोन भाषा समोरासमोर ठेवण्याची शिस्त तिने लावली, हे नाकारता येत नाही. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथात मराठी धातुसाधितांचा जो सूक्ष्म विचार आहे, तोही इंग्रजीच्या वर्गात उपयोगी पडू शकतो. ‘चढणे’ आणि ‘चढणारा’ यांतील भेद जाणणाऱ्यास ‘इंग’चे नामरूप व विशेषणरूप वेगळे करणे कठीण नाही. मराठीत ‘रांगेत उभी असलेली माणसे’ असे विशेषण आधी येते, तर इंग्रजीत ‘द पीपल स्टँडिंग इन द क्यू’ असे ते नामानंतर जाते, हा क्रमभेदही तुलनेनेच ठसतो.

महाराष्ट्रात इ. स. २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जात आहे. शिक्षणाची वर्षे वाढली. त्यांबरोबर मांडणीही बदलणे आवश्यक आहे. कृदन्त दिसताच विद्यार्थ्याने प्रथम ‘ही क्रिया कोण करतो?’ असे विचारावे, आणि उत्तर मुख्य कर्त्याशी जुळत नसेल तर ‘व्हाइल आय वॉज गोइंग’ असा कर्ता उघड करावा.

समारोप :
इंग्रजी कृदन्त मराठी विद्यार्थ्यास अवघड जाते ते त्याला कृदन्त ठाऊक नसते म्हणून नव्हे, तर ठाऊक असलेल्या कृदन्ताशी त्याची गाठ घालून दिली जात नाही म्हणून. मातृभाषेचे व्याकरण इंग्रजीच्या वर्गाबाहेर ठेवल्यास नारळ माकडाच्या हाती आणि यात्राही माकडाच्याच नावे, असेच घडत राहील.