दहा दिवसांचे मूल : आनंदीबाई जोशींच्या चरित्रकथनातील मातृशोक

डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५-१८८७) यांच्या चरित्रकथनात एक प्रसंग हमखास येतो. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला, योग्य उपचारांअभावी तो दहा दिवसांत दगावला आणि त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निर्धार जन्मास आला. ही कार्यकारणाची साखळी मराठी वाचकाच्या मनात पक्की रुजली आहे. ती खोटी नव्हे. मात्र तीत शोकाला स्वतःचे स्थान उरत नाही. तो निर्धाराकडे नेणारी पायरी ठरतो आणि पायरी ओलांडली की विस्मरणात जातो.

दहा दिवसांच्या अवधीला मराठी घरात विशिष्ट अर्थ आहे. हे सोयराचे दिवस. पाचवीची पूजा झालेली असते, सटवाईने बाळाच्या कपाळी लेख लिहिल्याची श्रद्धा असते. नामकरण मात्र बाराव्या दिवशी. हे मूल बारशाआधीच गेले. चरित्रकथनात ते ‘मूल’ वा ‘मुलगा’ एवढेच राहते, याचा दोष केवळ चरित्रकारांचा नाही. नाव नसलेल्यासाठी शोक करण्यास रूढीतही फारशी जागा नसते. आयुर्वेदीय परंपरेत अशा स्त्रीसाठी ‘मृतवत्सा’ ही संज्ञा आहे. काश्यपसंहितेतील रेवतीकल्पात तर जातहारिणीच्या बाधेचे मूळ स्त्रीच्या आचरणात शोधलेले दिसते. म्हणजे शब्द आहे, पण तो सांत्वनाचा नाही.

या पार्श्वभूमीवर आनंदीबाईंचे संयत मौन लक्षणीय ठरते. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील सेरामपूर येथील भाषणात अमेरिकेस जाण्याचे कारण म्हणून त्यांनी हिंदुस्थानातील स्त्री-डॉक्टरांची निकड मांडली. स्वतःच्या बाळाला त्यांनी साक्षीला बोलावले नाही. खासगीत मात्र अपत्यमृत्यूचा घाव बापाला आणि आईला सारखा बसत नाही, अशा आशयाची नोंद त्यांनी केली. पेनसिल्व्हेनियातील १८८६ च्या पदवी-प्रबंधासाठी त्यांनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला. शोक येथे अभ्यासाच्या शिस्तीत वावरतो, संपत नाही.

रूढ साखळीचा खरा धोका सामान्य मातांच्या बाबतीत जाणवतो. जिच्या दुःखातून काही ‘घडले’ नाही, तिचे दुःख कथनयोग्यच ठरत नाही. आशेला पराक्रमाची अट नसते, हे गडचिरोलीत दिसून आले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षित केले. त्या घरोघरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेऊ लागल्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात-मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला.

आणखी एक बाब ही साखळी झाकून टाकते. तिचा शेवटचा दुवा प्रत्यक्षात कधी जुळलाच नाही. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातील स्त्री-विभागाचे पद आनंदीबाईंना मिळाले होते. ते स्वीकारण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. ‘पहिली’ या विशेषणाच्या झगमगाटात ही अपूर्णता दिसेनाशी होते. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांना उतारवय लाभले, म्हणून ‘स्मृतिचित्रे’त आपल्या आठवणींचा क्रम आणि स्वर त्यांना स्वतः ठरवता आला. आनंदीबाई गेल्या तेव्हा बावीस वर्षांच्याही नव्हत्या. त्यांच्या दहा दिवसांची कथा इतरांनीच सांगितली.