हाडं वेचून झाल्यावर

इश्माएल बेयाचं ‘अ लाँग वे गॉन’ (२००७) तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. सिएरा लिओनच्या यादवीत (१९९१ ते २००२) हातात बंदूक आलेला मुलगा, मग युनिसेफच्या मदतीने पुनर्वसन, मग सुटका. ती त्याची स्वतःची गोष्ट. पण मला त्याची ‘रेडियन्स ऑफ टुमारो’ (२०१४) ही कादंबरी जास्त महत्त्वाची वाटते. युद्ध संपल्यावर बातम्या जिथे थांबतात, तिथे ती सुरू होते.

इम्पेरी गावात आधी म्हातारी माणसं परततात आणि पहिलं काम करतात ते हाडं गोळा करण्याचं. पुढे हात तोडले गेलेला सिला येतो. ज्याने ते तोडले, तो एर्नेस्टही त्याच गावात राहू लागतो. बेया माफीचं भाषण देत नाही. असा शेजार किती अवघड असतो, तेवढं दाखवतो.

मग रुटाइलची खाण येते. पाणी नासतं. पगाराची शाश्वती नसलेले शिक्षकच शाळा सोडून खाणीत जातात. इथे कादंबरी घसरते. संकटांची रांग लागते, कंपनीची माणसं नुसती खलनायक होऊन जातात. तरी मुद्दा खोटा ठरत नाही.

पुनर्वसन म्हटलं की आपल्याला तंबू, धान्य, समुपदेशन आठवतं. पगार वेळेवर होणं आणि नदीचं पाणी पिता येणं, हेही पुनर्वसनच आहे. हे मला कुठल्या अहवालाने नाही, या सदोष कादंबरीने पटवलं.